बोर्डावर न लिहिलेली रजा

आयुष्यात मला पद असं एकदाच मिळालं, आणि तेही अशा राज्यात जे कुठंच नव्हतं. मी एका ऑनलाइन खेळातल्या गिल्डचा चिटणीस होतो. गिल्ड म्हणजे खेळणाऱ्यांची टोळी. पण टोळी हा शब्द आम्ही वापरायचो नाही, कारण आमच्याकडे तो पोलिसांच्या तोंडी जास्त असायचा. गिल्डच्या नावात सिंहही होता आणि वाघही. दोन्ही बाजूंनी आग्रह धरला होता आणि कुणाला नाराज करायची आमची तयारी नव्हती.

नव्वदच्या दशकात मी टायपिंग शिकलो, ते सरकारी नोकरी लागेल म्हणून. परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालो आणि तोवर टाइपरायटरच जायला लागले. मग हिंगोलीत कोर्टासमोर टेबल टाकून अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसाची निवेदनं टाइप करून द्यायला लागलो. आधी मशिनवर, पुढं संगणकावर. ‘कारणे विनंती अर्ज सादर करतो की’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं आहे की झोपेतही त्यात चूक होणार नाही. माणसाचं दुःख कितीही लांबलचक असलं तरी ते एका पानात बसवून शेवटी ‘सबब’ लिहायचं, हे माझं कसब होतं आणि त्याचा मला गर्व होता.

रस्त्याच्या पलीकडं नेट कॅफे निघाला. जिल्हा नवा होता, पाट्या नव्या होत्या, आणि कॅफेही नवा. सहा संगणक, लाकडी आडोसे, आणि दाराजवळ खुर्ची टाकून बसलेले मालक चाचा. त्यांनी दारावर भारनियमनाचं वेळापत्रक चिकटवलं होतं. सकाळी इतके ते इतके लाईट नाही, दुपारी इतके ते इतके नाही. आम्ही ते पाठ केलं होतं. लाईटला मात्र ते पाठ नव्हतं.

खेळ असा होता की प्रत्येकाचं एक गाव. गावाला शेतं, कोठार, भिंत, सैनिक. तुम्ही उठून गेलात तरी खेळ थांबायचा नाही. शत्रू तुमच्या माघारी येऊन कोठार लुटायचा. म्हणून लोक गिल्ड करायचे. आम्ही अकरा जण होतो. एक जण उठून गेला की दुसऱ्यानं त्याच्या गावावर लक्ष ठेवायचं, धान्य कमी पडलं तर पाठवायचं, हल्ला झाला तर सैन्य द्यायचं. अकरातल्या सात जणांची खरीखुरी शेतं होती. वडील मोटर चालू करायला हाका मारायचे, तेव्हा ही मंडळी ‘हिंगोलीला काम हाय’ सांगून एसटीत बसायची आणि कॅफेत येऊन खोट्या शेताची पातळी वाढवायची. यात कुणालाही काही विचित्र वाटत नव्हतं. मलाही नाही.

प्रमुख होते सर. कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायचे. कॉलेजात त्यांना स्टाफरूममध्ये स्वतःची खुर्ची नव्हती, त्यामुळं इथली खुर्ची त्यांनी फार गंभीरपणे घेतली. गिल्डला नियमावली पाहिजे, हे त्यांचं मत. ती लिहायला माझ्याशिवाय दुसरा कोण असणार? मी कोर्टाच्या भाषेत झकास नियमावली तयार केली आणि गिल्डच्या बोर्डावर टाकली. बोर्ड म्हणजे खेळातलंच एक पान, जिथं सगळे सूचना लिहायचे. संगणकावर मराठी अक्षरं उमटायची नाहीत, म्हणून इंग्रजी लिपीत मराठी लिहायचो. ‘सबब’ त्या लिपीत फार केविलवाणं दिसायचं, पण मी सोडलं नाही.

पहिला नियम: गिल्डमध्ये कोणी लहान नाही, कोणी मोठा नाही, कोणाचे आडनाव विचारले जाणार नाही. तो मी घातला होता आणि त्यावर कुणी चर्चा केली नाही. दुसरा, अडचणीतल्या सभासदाला मागण्याआधी मदत करायची. तिसरा, आईबहिणीवरून शिव्या द्यायच्या नाहीत. चौथा, नवख्याला लुटायचं नाही. हे सगळे नियम आम्ही पाळायचो. खरंच पाळायचो. बाहेर कुठल्याही नियमाचा आमच्यापैकी कुणाला कधी उपयोग झाला नव्हता. रोजगार विनिमयचं कार्ड आम्ही वर्षानुवर्षं नूतनीकरण करत होतो, पण रोजगारानं आमच्याशी विनिमय केला नव्हता. खेळात मात्र भिंत दोन तासांत होईल असं लिहिलं की ती दोन तासांत व्हायची. हिंगोलीत असं बांधकाम आम्ही पाहिलेलं नव्हतं. त्यामुळं नियम हा शब्द उच्चारला तरी आम्हाला बरं वाटायचं.

आता पाचवा नियम. आमच्यातला एक जण हळद शिजवायला कुरुंद्याला मामाकडं गेला आणि आठ दिवस आला नाही. कुणाला सांगून गेला नव्हता. त्याचं गाव तर जळालंच, शेजारची दोन गावंही गेली. तो परत आला तेव्हा हात पिवळेधमक, आणि तोंडावर कसलाच पश्चात्ताप नाही. त्याचं काही ऐकून न घेता आम्ही त्याला झाडलं. तेव्हा ज्यानं नियम मागितला तो आमचा राखणदार. हे त्याचं गिल्डमधलं पद होतं. जो गैरहजर असेल त्याच्या गावाची राखण तो करायचा. डोंगरकडा गावचा, शेतकरी घरातला मुलगा, हिंगोलीत मोबाइल दुरुस्तीची टपरी होती. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, मला दादा म्हणायचा. अकरा गावांची काळजी त्याला स्वतःच्या टपरीपेक्षा जास्त.

तो म्हणाला, “जाताना सांगून जावा. बस, एवढंच. आमच्याकडं बैलाला पानी पाजायचं राहिलं तर मानूस शेजाऱ्याला सांगून जातो. यात काय अवघड हाय?”

एवढंच त्याचं म्हणणं. मी ते घेतलं आणि त्याचं असं केलं: ‘सभासदाने अनुपस्थितीची सूचना किमान एक दिवस आधी बोर्डावर लेखी द्यावी. बोर्डावर नोंद नसलेली तोंडी सूचना ग्राह्य धरली जाणार नाही. सभासदास स्वतः नोंद करणे शक्य नसल्यास चिटणिसास कळवावे, चिटणीस त्याच दिवशी नोंद करील. विनासूचना तीन दिवस अनुपस्थित सभासदाचे नाव कमी करण्यात येईल.’ पुढं सातव्या नियमात, नोंद करण्यात कसूर करणाऱ्या चिटणिसाचं पद जाईल, हेही मीच लिहिलं. आपण कसूर करू असं लिहिणाऱ्याला कधीच वाटत नाही.

मग त्याचं लग्न ठरलं.

पत्रिका घेऊन तो आमच्या घरी आला. आमची वस्ती विहाराच्या मागं. बौद्ध वस्तीत पत्रिका द्यायला डोंगरकड्याचे लोक येत नाहीत असं नाही, पण बहुतेक जण गाडीवर बसूनच देतात, गाडी चालू असते. हा गाडी बंद करून आत आला, खाली सतरंजीवर बसला, आईनं दिलेला चहा बशीत ओतून प्यायला आणि म्हणाला, “दादा, नुसतं जेवून जायचं न्हाई. पंगतीत वाढायला पायजे तुमी.”

मी हसून हो म्हटलं. आई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. माझे आजोबा त्याच पट्ट्यात सालगडी होते. लग्नं त्यांनी पुष्कळ बघितली, मांडवाच्या बाहेरून. सगळ्यांचं झालं की यांच्या पानावर वरून टाकलं जायचं, वाढणाऱ्याचा हात लागू नये म्हणून. ते गेले तेव्हा मी शाळेत होतो. त्या दिवशी मला त्यांची फार आठवण आली, आणि त्या पोराबद्दल जे वाटलं त्याला प्रेमच म्हणावं लागेल.

निघताना गाडीला किक मारता मारता तो म्हणाला, “आन दादा, माझी रजा बोर्डावर टाकून द्या. उद्या सकाळीच गावाकडं चाललो, तिथून काही निघता येनार न्हाई. पाच दिवस टाका.”

“झालंच समज,” मी म्हणालो.

आणि मी विसरलो. याला कारण काही मोठं नाही. मी पंगतीत वाढायच्या तयारीत होतो. नवा सदरा शिवायला टाकला होता. घरी पितळी बादलीत पाणी घेऊन, ओगराळ्यानं ताटात न सांडता कसं घालायचं याचा सराव केला. आई म्हणाली, “कोर्टात चाललास का लग्नाला?” लेखी नोंदींवर ज्याचं पोट चालतं तो माणूस एक ओळ लिहायची विसरला, आणि विसरला हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

लग्नाला आम्ही दहाही जण जीप करून गेलो. गिल्ड पूर्ण उपस्थित होतं, नवरदेव धरून. वांग्याची भाजी, पोळ्या, भात, वरण, बुंदी. मी वरणाची बादली घेतली. सरांनी बुंदी तीनदा मागून घेतली आणि प्रत्येक वेळी ‘अगदी थोडी’ म्हणाले. मधल्या रांगेत एका म्हाताऱ्यानं ताटावर हात आडवा धरून मला विचारलं, “कोनाचे वो तुमी?”

हा प्रश्न आमच्याकडं सगळेच विचारतात, त्यात गैर मानायचं कारण नसतं आणि तरी माझी बादली जड झाली. मी तोंड उघडायच्या आत मागून नवरदेवाची आई बोलली, “आमच्या पोराचे दोस्त हायेत. वाढा वो भाऊ, काहून थांबले?” म्हाताऱ्यानं हात काढला. मी वरण घातलं. त्याच्या ताटाबाहेर नाही, माझ्याच सदऱ्यावर सांडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट आली तशी आम्ही कॅफेत जमलो, आणि बघतो तर आमची तीन गावं जळालेली. शत्रू गिल्ड नेमकं राखणदार नसताना आलं होतं. सरांचं स्वतःचं गाव त्या तिनात होतं. त्यांनी शांतपणे बोर्ड उघडला, वर-खाली केला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला.

“राखणदाराची सूचना नाही,” ते म्हणाले. “तिसरा दिवस आहे.”

कुणीतरी म्हणालं, “सर, त्याचं लगीन व्हतं ना. आपुन काल जेवून आलो.”

“लग्न मला माहीत आहे,” सर म्हणाले. “बोर्डाला माहीत आहे का?”

आज सांगताना मला हसू येतं, पण तेव्हा दहा शिकलेली माणसं, पोटात कालची बुंदी घेऊन, नवरदेव कुठं गेला असेल याचा लेखी पुरावा शोधत बसली होती आणि त्यातल्या एकालाही ते हास्यास्पद वाटत नव्हतं. कुरुंद्याला जाऊन आलेल्या हळदवाल्याला तर मुळीच नाही. “माझ्या टायमाला तुमी ऐकून घेतलं व्हतं का?” तो म्हणाला. “मंग आता सगळ्यांना बराबर पायजे.” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

सरांनी बोर्ड उघडला त्याच क्षणी मला गाडीवर बसलेला तो आठवला होता, ‘पाच दिवस टाका’ म्हणणारा. एक वाक्य बोलायचं होतं: त्यानं मला सांगितलं होतं, मी विसरलो. बोललो असतो तर माझं चिटणीसपद गेलं असतं, बाकी काही नाही. ना त्याला पगार होता, ना कुणी बाहेर विचारत होतं. पण वस्तीतल्या, कोर्टासमोर टेबल टाकून बसणाऱ्या माणसाला दहा जण ‘चिटणीस, काय म्हणता?’ असं विचारून मग निर्णय घेत होते. ते मला सोडवत नव्हतं. हे लिहिताना मला माझी लाज वाटते, आणि ती वाटावीच.

सर कायद्याला धरून चालणारे. त्यांनी माझ्याकडं वळून विचारलंच, “चिटणीस, तुमच्याकडं काही तोंडी निरोप होता का?”

“न्हाई,” मी म्हणालो.

एवढा छोटा शब्द. मी कोर्टासमोर इतकी वर्षं लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप केली, त्यात खोटं किती होतं हे माझ्या बोटांना कळायचं. पण ते त्यांचं असायचं.

हात वर झाले. मीही केला. मग ठराव लिहायचा होता, तो मी लिहिला, आणि सांगायला नको पण सांगतो, तो माझा सर्वांत चांगला ठराव होता. ‘सदर सभासदाने गिल्डच्या मूल्यांना तडा जाईल असे वर्तन केले असून’ वगैरे. वाचून दाखवला तेव्हा सरांनी मान डोलावली. नियमाप्रमाणं कमी केलेल्याच्या कोठारातलं धान्य जळालेल्या गावांना वाटायचं असतं. तसं ते वाटून टाकलं. माझं गाव जळालं नव्हतं, पण भिंतीच्या दुरुस्तीसाठी म्हणून थोडं माझ्याकडंही आलं. मी ते परत केलं नाही. चाचा दारातून म्हणाले, “चलो मियाँ, लाइट जाती अब,” आणि आम्ही सगळे उठलो.

सदऱ्यावरचा वरणाचा डाग त्या दिवशी तसाच होता. नवा म्हणून मी तोच घालून आलो होतो.

रजेचे पाच दिवस संपल्यावर, म्हणजे सांगितल्या दिवशी, तो माझ्या टेबलापाशी आला. हाताला हळकुंड बांधलेलं, आईसाठी बुंदीच्या लाडवांचा डबा आणलेला. “चला दादा, गावं बघू,” म्हणाला. रस्ता ओलांडेपर्यंत मी त्याला सांगायला हवं होतं. रस्ता काही फार रुंद नव्हता, पण दोन रिक्षा आल्या, एक ट्रक आला, आणि मी म्हटलं, आत जाऊन सांगू.

आत सर होते, हळदवाला होता, आणखी चार जण होते. त्यानं आपलं गाव उघडलं. कोठार रिकामं, भिंत पडलेली, आणि वर गिल्डच्या नावाची जागा कोरी. त्याला वाटलं नेट बिघडलं. चाचांना म्हणाला, जरा बघा. मग सरांनी त्याला ठराव दाखवला. त्याला अशी भाषा वाचायची सवय नव्हती, त्यातून इंग्रजी लिपी. एकेका शब्दावर बोट ठेवत त्यानं सगळा वाचला. ‘तोंडी निरोप नसल्याचे चिटणिसांनी सांगितले’ हे वाक्य चौथं होतं. तिथं बोट आलं तेव्हा थांबलं. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. एखाद्याचा हँडसेट उघडल्यावर आत पाणी गेलेलं दिसलं की तो जसा बघायचा, तसं.

मी वाट बघत होतो. तो म्हणेल की मी दादाला सांगितलं होतं, आणि मग मी हो म्हणेन, असं मी मनात ठरवलं होतं. म्हणजे तेही काम मी त्याच्यावरच टाकलं होतं.

त्यानं बोट पुढं नेलं, ‘सबब’पर्यंत वाचलं आणि सरांना म्हणाला, “बराबर हाय सर. नियम मीच मागितला व्हता.”

सर खूश झाले. म्हणाले, “याला म्हणतात सभासद. शिका रे.” आणि त्याला समजावलं की दार बंद नाही, नवीन सभासदासारखा अर्ज भरायचा, शेवटच्या क्रमांकावरून सुरुवात करायची. राखणदारी मात्र आता लगेच मिळणार नाही. “न्हाई, ते बराबरच हाय,” तो म्हणाला. हळदवाल्यानं उठून त्याला खुर्ची दिली.

अर्जाचा नमुना मीच केलेला होता. तो दोन बोटांनी भरत गेला, मी शेजारी बसून बघत होतो. पूर्वी कोणत्या गिल्डमध्ये होता? त्यानं आमचं नाव लिहिलं. तिथून का कमी झालात? त्यानं थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘न सांगता गेलो.’ तुमच्या खरेपणाची हमी कोण देईल? तिथं त्यानं माझं नाव लिहिलं. विचार न करता, एका दमात.

अर्ज आधी चिटणिसाकडं यायचा. खाली चिटणिसाचा शेरा पाहिजे, त्याशिवाय पुढं जायचा नाही. शेऱ्याचा मजकूर ठरलेला: वरील माहिती मी स्वतः पडताळून पाहिली असून ती खरी आहे. मी माझ्या संगणकावर तो उघडला आणि हात मांडीवर ठेवून बसलो. सर, हळदवाला, सगळे आपापल्या गावात गुंतले होते. कुणाचं लक्ष नव्हतं. शेजारून तो हळू आवाजात म्हणाला, “टाका दादा शेरा. काहून थांबले?”

मी टाकला.